एक तास झालं की

आमच्या मानदेशात तास म्हंजी काय हे बारक्या पोराला बी ठावं. पेरायची कुरी चालली की तिच्या मागं मातीत जी रेघ उमटती आन् तिच्यात बी पडतं, ते तास. नांगराचं बी तास, कुरीचं बी तास. एका तासानं जायचं, दुसऱ्या तासानं माघारी यायचं. मला शाळा न्हाई. दुसरीपातूर बसली, ते बी शाळेचं छप्पर गळत न्हवतं आन् आमचं गळत हुतं म्हनून. त्यामुळं घड्याळातला तास मला दुसऱ्यांदा पोटुशी हुईपातूर ठावा न्हवता. वाजलं ते कळायचं. यश्टी किती वाजता येती ते आमी बी इचारायचो. पन एक वाजल्यापास्नं दोन वाजंपातूर जे सरतं, त्याला बी शिकलेली मानसं तासच म्हंत्यात, हे मला तासगावच्या दवाखान्यात कळलं. आन् ते कळलं तवा माझी थोरली जाऊ म्होरच्या खाटंवर दात खाऊन पडली हुती.

साठ सालाच्या मागंम्होरंची गोष्ट. कोयनंकडं धरनाचं काम चाललं हुतं आन् माझा नवरा आन् थोरला दीर, दोघं भाऊ तिकडं दगूड फोडायला गेल्ते. आमचं गाव म्हसवडच्या अंगाला. त्या साली आमच्याकडं ढग यायचं आन् तसंच म्होरं जायचं. तवा जावंची दोन पोरं सासूपाशी ठेवून आमी दोघी जावा तासगावच्या बाजूला भांगलायला, तन काढायला आलो. जावंला मी आक्का म्हनायची.

मला पाचवा लागला हुता. आदल्या साली एक सातव्यात गेल्तं, पोरगा हुता. त्येचं मी जास्त काय सांगत न्हाई. एवढंच, की ह्या खेपंला आक्का मला भरली घागर उचलू देत न्हवती. वाटंनं चालताना बी म्होरं व्हायची, ठेच लागायची ती तिला लागावी म्हनून.

ज्या मळ्यात आमी लागलो त्यो लांबडा हुता. ह्या टोकाला हीर, त्या टोकाला ओढा, मधी समद्या भुईमुगाच्या शेंगा. एक तास चालून सरायला तंबाकू मळून, खाऊन, थुकून व्हावं एवढा वकुत लागायचा. भांगलन सरत आली आन् शेंगांवर केसाळ अळी पडली. सांजच्याला हिरवंगार दिसलेलं पान सकाळी चाळनीवानी. मळ्याच्या मालकानं पावडरीची पोती आनली. ती उघडली की कुबट वास यायचा, पावसाळ्यात बंद ऱ्हायलेल्या घराचा असतो तसा. त्याला समदी औषधच म्हनायची.

ते कसं मारायचं हे दावायला शेतकी खात्याचा एक तरना सायेब सायकलीवरनं आला. मनगटाला घड्याळ, पँटीला चिमटं. त्येनं जुन्या धोतराच्या फडक्यात पावडर बांधली, ते बोचकं काठीच्या टोकाला अडकवलं आन् काठीवर टिचक्या मारत तासातनं चालून दावलं. दंव असताना मारलेली बरी, म्हंजी पानाला धरती. मग आमास्नी बांधावर बसवलं आन् म्हनला, "हे बघा बायांनो, हे विष आहे. एक तास झाला की थांबायचं. हात, पाय, तोंड स्वच्छ धुवायचं, मगच पुढचं काम. काय? एक तास झाला की." बोलता बोलता त्येची नदर माझ्या पोटावर गेली. तरना मानूस, लाजला. "तुम्ही तर नक्कीच," म्हनला.

त्यो "तास झाला" म्हनला. आमी तास झालं म्हंतो. ते माझ्या कानाला लागलं, पन वाटलं, शिकलेली मानसं तसंच बोलत असतील.

आमी आठजनी हुतो. सा गावातल्या, दोघी आमी. ओढ्याच्या टोकाला धुवायची काय अडचन न्हवती, वाहतं पानी, कुनीबी हात घाला. अडचन ह्या टोकाला. हिरीवर आमी जात न्हवतो. धरम बदलून बौद्ध झाल्याला आमास्नी चार-पाच वर्सं झाली हुती, पन हिरीवरच्या घागरीला ते कुनी सांगितलं न्हवतं. पानी पायजे तर बांधावर उभं ऱ्हायचं, आन् गावातली कोन बाई वरनं घालील ते वंजळीत घ्यायचं.

पयल्या दिशी आठीजनींनी तीन-चार तासांपातूर धुतलं. मग मुकादम बोंबलाया लागला. "अगं, पावडर मारायला आलासा का न्हायाला? दंव सुकलं की काय उन्हाला मारनार हायसा?" एक एक करून समद्यांनी सोडून दिलं. म्या सोडलं न्हाई. तास सरलं की काठी खाली ठेवायची, ओढ्याच्या टोकाला असलं तर ओढ्यात, हिरीच्या टोकाला असलं तर बांधावर उभं ऱ्हाऊन "आवं, वाईच पानी" म्हनायचं.

पानी घालायची ती गावातली एक आडमाप बाई हुती. मनानं बरी, पन तोंड लय. तिची पाळी असो नसो, मी हाक मारली की तीच यायची आन् तोंड सोडायची.

"ए मानदेशी, तुमच्याकडं पानी न्हाई म्हनून आमची हीर उपसाया आलीस व्हय गं?"

"आवं, सायबानंच सांगितलंय."

"सायबाचं काय जातंय? त्येच्या बायकूच्या चुलीपाशी नळ असंल. धर हात. नीट धर. आता पाय. आता काय पाठ बी चोळू?"

बाकीच्या हसायच्या. मी बी हसायची. हसल्यावर पानी लवकर मिळतं.

दुपारी भाकरी खाताना म्या आक्काला म्हनलं, "तू बी धूत जा की." ती म्हनली, "तू धू. मी मागत न्हाई. एकीला घालत्यात तवर घालत्यात. दोघींनी मागितलं तर दोघींचं बी बंद व्हईल. आन् ओढ्यावर दोघी थांबलो तर मुकादम दोघींना बी हाकलंल." वरनं तिनं आनखी एक केलं. धुन्यात माझी एकदोन तासं मागं पडायची, मुकादमाच्या ध्यानात यायच्या आधी ती माझ्या वळीत शिरायची आन् माझं तास सारून मोकळी. म्हंजी ती माझ्या वाटनीची बी पावडर अंगावर घेत हुती. आमी दोघी ते काम म्हनून बघत हुतो, पावडर म्हनून न्हाई.

आन् लुगड्याचं. दंवानं लुगडं गुडघ्यापातूर भिजायचं, त्यावर पावडर बसायची आन् वाळली की कांजी केल्यावानी ताठ व्हायची. आमच्या दोघीत तीन लुगडी. तिसरं आक्काचं. ते तिनं पयल्याच सांजला मला दिलं.

"रोज बदलत जा. पोटाला लागून ऱ्हायला नगं ते."

"आन् तू?"

"मी काय पोटुशी हाय? माझं अंगावरच वाळतंय."

त्याच लुगड्यात ती भाकरी थापायची, त्याच लुगड्यात निजायची. सकाळी उठली की झटकायची, तेवढंच.

दुसऱ्या दिशी असं झालं की आमी पावडर मारून बांधावर आलो न आलो तवर एक सर आली आन् गेली. मालक कपाळाला हात लावून बसला, "गेलं, समदं धुतलं." आन् खरंच, दुपारी बघतोय तर अळ्या जशाच्या तशा, पाला खात्यात. तिसऱ्या दिशी ऊन पडलं. मी एका अळीवर ध्यान ठेवलं. पावडर पडली तवा ती चालतच हुती. न्याहारीच्या वक्ताला बी चालत हुती. वाटलं, आज बी काय हुईत न्हाई. दिस माथ्यावर आला तवा वळवळाया लागली, आन् कलत्या उन्हात काळी पडून खाली सांडली. पावडर कालचीच, बोचकं कालचंच, मारनारी बी मीच. कालच्या अळीच्या अंगावर ती ऱ्हायली न्हाई, आजच्या अळीच्या अंगावर दिसभर बसून ऱ्हायली. फरक तेवढाच.

ओढ्याला बी तेच. धारंला बारकं मासं पळत हुतं. पन दगडाच्या आड एक थारोळं हुतं, पानी आत यायचं आन् तिथंच बसायचं, त्यात दोन-तीन मासं पोट वर करून. आमच्याच हातापायाचं पानी ते. म्होरं मी थारोळ्यापास्नं लांब, धारंला धुवाया लागली. मासं वाचवावं म्हनून न्हाई. मला भ्या वाटलं.

त्या सांजला म्या आक्काला हे समदं सांगितलं. अळीचं, माशाचं. ती चुलीत फुकत हुती.

"म्हंजी मी अळी व्हय?"

"चेष्टा करू नगंस. लुगडं धू तुझं."

"धुऊन नेसू काय? पळसाचं पान?"

"हे घे की तुझं. हे मी नेसलंय ते."

"आन् तू पळसाचं पान नेसनार? पाचव्या म्हैन्यात? दोन पानं जोडावी लागतील," म्हनली आन् हसाया लागली.

म्या जास्त जोर केला न्हाई. हे मी आजबी लपवत न्हाई. ते दुसरं लुगडं मला पायजे हुतं. आदल्या सालचं माझ्या डोळ्याम्होरं हुतं.

तिसऱ्या दिसापास्नंच आक्काची पापनी उडत हुती. डावी. बाईचा डावा डोळा लवला की चांगलं हुतं म्हंत्यात, तवा आमी समद्या तिची चेष्टा करत हुतो. "आक्का, भावजी यायचं असतील धरनावरनं." ती आडमाप बाई म्हनली, "येऊ दे बाई, आल्यावर ह्या कुबट वासाला तोंड फिरवून माघारी जाईल त्यो." आक्का लाजली. जिभंला चव न्हाई म्हनायची, डोकं जड हाय म्हनायची. आमी म्हनलं ऊन लागलं. पापनी का उडती ते कुनाच्या डोक्यात आलं न्हाई.

चवथ्या दिशी दिस बराच वर आल्ता. आक्का माझ्या शेजारच्या तासात हुती, दहा पावलं म्होरं. टिचक्यांचा आवाज थांबला म्हनून म्या मान वर केली. ती उभी हुती, काठी हातातनं सुटली हुती. मग खाली बसली, भांगलायला बसावं तशी. मग आडवी झाली, हातपाय झाडाया लागली, दात बसलं.

समद्या धावल्या. कुनी म्हनलं फिट आली, पायतान हुंगवा. हुंगवलं. कुनी म्हनलं अंगात आलं. एकजन म्हनली विष चढलंय, वाटीभर तूप पाजा. तूप कुठनं आनायचं हीच पंचाईत. मी नुसतं तिचं डोकं धरून बसली हुती.

तवा त्या आडमाप बाईनं पदर खवला आन् आक्काच्या बगलंत हात घातला.

मुकादम म्हनला, "अगं, शिवलीस की तिला."

"मग तू ये उचलाया. येतोस?"

मुकादम बैलगाडी जुपाया गेला.

गाडीत आमी तिघी. आक्का आडवी, तिचं डोकं त्या बाईच्या मांडीवर, पाय माझ्याकडं. वाटंत आनखी एकदा हातपाय झाडलं. त्या बाईनं तिचा जबडा धरला आन् सबंध वाट सोताचं तोंड बंद ठेवलं. तिचं तोंड बंद बघितलं तवा मला कळलं, ह्ये साधं न्हाई.

दवाखान्यात डाक्टर हुता, वयस्कर, चष्म्याचा. एक नर्सबाई. आक्काला खाटंवर घेतलं. त्येनं तिचं डोळं उघडून बघितलं, नाडी धरली आन् मला इचारलं, "काय करत होती?"

"पावडर मारत हुतो जी. शेंगांवर."

"किती तास होती पावडरीत?"

मला मोजता येत हुतं. मोजायला मी कवा चुकली न्हाई. "आज सव्वीस," म्या सांगितलं.

त्येनं मान वर केली. "किती?"

"सव्वीस. काल अठ्ठावीस झाली. त्यात माझी दोन धरून."

"बाई, दिवसाचे तासच चोवीस असतात."

"न्हाई जी. त्या मळ्यात लय हायती. हजाराच्या वर."

नर्सबाई हसाया लागली. डाक्टर हसला न्हाई. "तास म्हणजे काय म्हणतेस तू?" म्हनला. खिडकीच्या फळीवर धूळ हुती. तिच्यावर म्या बोटानं एक रेघ वढली, तिच्या शेजारी दुसरी. "हे एक तास. हे दुसरं."

नर्सबाई म्हनली, "तासगावात येऊन तास कळंना व्हय गं?" डाक्टरनं तिला हातानं गप केलं. "सकाळी कधी लागलात? सूर्य कुठं होता?"

"उजाडताना. आन् पडली तवा माथ्यावर याचा हुता."

"म्हणजे पाच-सहा तास," म्हनला, आन् तोंडातल्या तोंडात, "एवढ्यानं एवढं व्हायला नको." मग त्येनं आक्काच्या लुगड्याचा काठ चिमटीत धरला. कडक हुता. चिमूट चोळली तर बोटं पांढरी झाली. "हे अंगावर केव्हापासून आहे?"

ती आडमाप बाई भिंतीला उभी हुती, ती बोलली. "चार दिस, डाक्टर. ह्या दोघीत तीनच हायती. तिसरं हिला दिलंय, पोटुशी हाय म्हनून."

"मग सहा तास कसले," डाक्टर म्हनला. "चार दिवस आणि तीन रात्री. ती शेतातून घरी आली, विष शेतात राहिलं नाही. ते तिच्याबरोबर झोपलं." आन् नर्सबाईला म्हनला, "आधी हे काढा. साबणानं धुवा, डोक्यासकट."

आमी तिघींनी आक्काला धुतली. नर्सबाई, ती बाई आन् मी. तीनदा साबन लावला. केसातनं पांढरं पानी आलं. मग डाक्टरनं दंडात सुई टोचली, झटकं थांबायची. तूप, तेल, दूध काय पाजलंय का म्हनून इचारलं. न्हाई म्हनलं. "बरं केलंत. तुपाबरोबर हे विष अंगात लौकर मुरतं." आमी काय बरं केलं? तूपच न्हवतं.

मग त्यो माझ्याकडं वळला. पोट चाचपलं, डोळं बघितलं, हात सरळ धराया लावलं. "तुला काही होतंय? चक्कर? मळमळ?"

"न्हाई जी."

"तूही तिथंच होतीस ना?"

"मी दर तासाला धुती."

त्येनं माझ्याकडं बघितलं, मग खिडकीकडं. खिडकीपाशी जाऊन त्या रेघंवर बोट ठेवलं. "दर तासाला म्हणजे ह्या तासाला?"

"व्हय. सायबानंच सांगितलं हुतं. एक तास झालं की धुवायचं."

त्येनं चष्मा काढला. तवा हसला, पन आवाज न करता. "अगं, तो घड्याळातला तास म्हणाला असेल." आन् मला समजावून सांगितलं, एक वाजल्यापास्नं दोन वाजंपातूर काय असतं ते, आन् तेवढ्यात आमची किती तासं सरत्यात ते. चार दिस म्या त्या बाईला उगाच हिरीवर पळवलं असं वाटलं.

"म्हंजी मी चुकली?"

"चुकलीस. रोज अशीच चुकत जा." मग म्हनला, "पण तू आता पावडरीत जाऊच नकोस." म्या व्हय म्हनलं. त्येला ठावं हुतं मी जानार, त्येनं दुसऱ्यांदा सांगितलं न्हाई.

आक्का तीन दिस दवाखान्यात हुती. दुसऱ्या दिशी शुद्धीवर आली. दवाखान्याच्या चादरीत गुंडाळली हुती, इकडं तिकडं बघून म्हनली, "माझं लुगडं कुठाय?"

"भिजत घातलंय."

"फाडलं न्हाई न्हवं कुनी?"

फाडलं न्हवतं. टाकायचं तर दुसरं कुठनं आनायचं? नळावर पाच येळा साबनानं धुतलं, दोन दिस उन्हात घातलं, आन् तेच नेसून ती ओढ्याकाठच्या आमच्या खोपीत आली. फक्त म्होरं ते रोज सांजला धुतलं जायाचं, आन् ते वाळंपातूर ती माझं नेसायची आन् मी घोंगडं गुंडाळून चुलीपाशी बसायची. हे आधी बी करता आलं असतं. कुनाच्या ध्यानात आलं न्हाई.

आमी मळ्यावर गेलो तर मुकादम आक्काला बघून आडवा आला. "हिला माघारी ने. उद्या हितं काय झालं तर माझ्या गळ्यात."

म्या म्हनलं, "ती पावडरीत जायची न्हाई. बांधावर बसून पानी घालील. तुमचं मानूस पान्यासाठी कामातनं उठायचं न्हाई."

"कसलं पानी? पुन्हा ते न्हानं काढलंस व्हय?"

तवर बाया गोळा झाल्या हुत्या. आक्काचं तोंड बघून समद्या भ्याल्या हुत्या, तिचं हात मांडीवर ठेवलं तरी कापत हुतं. एक म्हनली, "डाक्टर काय म्हनला गं? त्या तासाचं काय? खरंच एक तास झालं की धुवायचं हुतं का?"

मला खरं ठावं हुतं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं ते बी ठावं हुतं. मळ्यात घड्याळ कुनाकडं? मुकादमाकडं. त्येचा तास त्येच्या मनगटावर, त्यो म्हनंल तवा सरनार. आन् आमचं तास आमच्या पायाखाली, ते सरलं की आमालाच दिसतंय.

म्या म्हनलं, "व्हय. डाक्टरनं बी तेच सांगितलं. एक तास झालं की."

बोलून झालं आन् ध्यानात आलं, ती आडमाप बाई दवाखान्यात भिंतीला उभी हुती. तिनं समदं ऐकलं हुतं. म्या तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत हुती.

"व्हय," ती म्हनली. "मी हुते की तिथं. माझ्या म्होरंच सांगितलं. न्हाई धुतलं तर मरशिला म्हनला."

मरशिला हे तिनं पदरचं घातलं.

तिनंच हिरीवरनं दोन घागरी भरून आनल्या आन् आक्काम्होरं ठेवल्या. पयलं तास सरल्यावर तीच पयली आली आन् आक्काम्होरं हात धरलं. आक्का घागरीला हात लावंना. "मी घालू?" म्हनली. "मग काय मी माझंच घालू? घाल." आक्कानं घातलं. हात कापत हुतं, धार निम्मी बाहीर. मागनं दुसऱ्या आल्या. एकजन आली न्हाई, ती हिरीवर जाऊन धुऊन यायची. दोन दिस गेली. मग चढ चढून कटाळली का काय, तिसऱ्या दिशी तिनं बी हात धरलं, पन आक्काकडं न बघता. "आक्का, अगं नीट घाल की, कोपराला लागंना," असं गावातल्या बाया म्हनायच्या. त्या बी तिला आक्का म्हनायला लागल्या हुत्या, नाव इचारायचं ऱ्हाऊनच गेलं असंल.

मुकादम कावला. पन सातीच्या साती धूत असल्यावर एकीला काय बोलनार?

मग एक दिस त्यो तरना सायेब सायकलीवरनं आला. बांधावर उभा ऱ्हाऊन बघतोय, तर बाया तासाच्या टोकाला येत्यात, हात धुत्यात, पाय धुत्यात, माघारी जात्यात, वाईच वेळानं पुन्हा येत्यात. त्यो एक शब्द बोलला असता तर संपलं हुतं. मुकादम शेजारीच उभा.

"हे काय चाललंय?" सायेब म्हनला.

"तास झालं की धुतूया," ती आडमाप बाई म्हनली. "तुमीच सांगितलंत न्हवं?"

"अहो, पण मी एक तास..." म्हनत त्येनं मनगट वर केलं.

"डाक्टरनं बी तेच सांगितलंय सायेब," म्या मधीच म्हनलं. कुना सायबाचं बोलनं म्या आयुष्यात पयल्यांदा तोडलं.

त्येनं माझ्याकडं बघितलं. मग आक्काकडं. आक्का घागर कलती करत हुती, पानी तिच्याच पायावर सांडत हुतं. "ह्यांच्या हाताला काय झालंय?" त्येनं इचारलं.

"मी तास मोजाया चुकले जी," आक्का म्हनली.

सायबाचं तोंड उतरलं. काय कळलं, किती कळलं, ते मला सांगता येनार न्हाई. त्येनं मनगट खाली केलं. मुकादमाला म्हनला, "बरोबर करतायत. असंच करायचं. एक तास झालं की." आन् रुमालानं तोंड पुसून सायकलीवर बसला.

म्होरं आठ दिस पावडर चालली. कुनी पडलं न्हाई. काम दोन दिस लांबलं म्हनून मालक जरा बोलला, बाकी काय न्हाई. म्होरल्या साली त्या मळ्यात गळ्यात अडकवायचं हातानं फिरवायचं यंत्र आलं आन् त्या कामाला गडी लागलं असं ऐकलं. ते धुवत हुतं का न्हाई, मला ठावं न्हाई. आमी तिकडं पुन्हा गेलो न्हाई.

आक्काचं हात लय दिस कापत ऱ्हायलं. भाकरी वाकडी व्हायची, सुईत दोरा जात न्हवता. थंडीत मला पोरगी झाली, पुऱ्या दिसांची, चांगल्या आवाजाची. सासूनं पोरगी आक्काकडं द्यायला केली तर ती मागं सरकली. "माझ्याकडं नगा. हात ऱ्हात न्हाईत. पडंल."

मी बाजेवरनं म्हनलं, "मांडी कापती का तुझी?"

"मांडी न्हाई कापत."

"मग खाली बस, मांडी घाल."

ती बसली. सासूनं पोरगी तिच्या मांडीत ठेवली. आक्कानं दोन्ही हात मागं, पाठीशी धरलं, आन् तशीच बघत बसली.